रसभरी (टिपारी)

सोलॅनेसी कुलातील, म्हणजे वांगी, टोमॅटो व मिरची यांच्या कुलातील एक झुडूपवजा वनस्पती व तिचे फळ. शास्त्रीय नाव फायसॅलिस पेरुव्हियाना (लिनीअस, १७६३). मूळस्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजी. रूबस प्रजातीतील रासबेरीलाही काही जण रसभरीच म्हणतात. त्या फळाला या फळासारखे कागदी वेष्टन नसते आणि दोन्हींचे नातेही नाही. ‘केप गूसबेरी’ या तिच्या इंग्रजी नावातील ‘केप’ हे बहुधा दक्षिण आफ्रिकेतील केप ऑफ गुड होपवरून आले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे लागवड होती. केप म्हणजे झगा, म्हणून वेष्टनावरून नाव पडले, ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली दिसते.

वेष्टन ही फळाची साल नव्हे. फूल गळाल्यावर त्याचा संवर्त (पुष्पकोश) वाढत जाऊन कंदिलासारखा फुगतो व फळाला सैलसर झाकतो. पिकताना तो गवती रंगाचा, कागदासारखा होतो. हा फुगवटा कसा उद्भवला यावर एकमत नाही. एमपीएफ २ हे जनुक फुलात कार्य करू लागल्याने तो आला, असे २००५ च्या सुमारास मांडले गेले. परंतु २०२३ मधील प्रयोगांत हे जनुक निकामी करूनही वेष्टन फुगलेच. त्यामुळे जुने स्पष्टीकरण आता अपुरे ठरते. काळाबद्दलही वाद आहे. अर्जेंटिनातील पॅटागोनियात सापडलेले, सु. ५·२ कोटी वर्षांपूर्वीचे वेष्टनयुक्त जीवाश्म २०१७ मध्ये फायसॅलिस इन्फिनेमुंडी या नावाने प्रसिद्ध झाले. रेणवीय कालगणनेने (जनुकांतील फरकांवरून वय काढण्याच्या पद्धतीने) मात्र संपूर्ण कुलाचेच वय यापेक्षा कमी काढले होते. फुगीर संवर्त या कुलात अनेकदा स्वतंत्रपणे उद्भवला असल्याने जीवाश्म फायसॅलिस प्रजातीत घालताना सावधगिरी बरी.

लागवड बियांपासून रोपे करून होते. निचऱ्याची जमीन लागते. हिमतुषार झाडाला मारतात. खत जास्त झाले की पाला माजतो व फळ कमी धरते. परागणानंतर सु. ७०–८० दिवसांत फळ पिकते आणि बऱ्याचदा वेष्टनासकट खाली पडते, म्हणून तोडणीइतकीच वेचणीही असते. वेष्टनात ते कित्येक आठवडे टिकते. सोलल्यावर फळ बोटांना किंचित चिकट लागते, धुऊन घ्यावे. पिवळ्या-नारिंगी, आंबटगोड गरात अनेक बारीक बिया असतात. पेक्टिन (पाक घट्ट करणारा फळातील पदार्थ) भरपूर असल्याने मुरंबा चांगला जमतो. कच्ची हिरवी फळे व पाने विषारी असतात.

मेक्सिकोतील टोमॅटिलो (फायसॅलिस फिलाडेल्फिका) मात्र हिरवाच वापरतात. तो सहसा स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. जवळ दुसरे झाड लागते.