छायाचित्रांची ऑनलाइन देवाणघेवाण (बेळगाव सीमाभाग)

मोबाइलवर काढलेले किंवा घरच्या जुन्या अल्बममधले फोटो इंटरनेटवर चढवून नातलगांना, मित्रांना किंवा सर्वांनाच पाहता येतील असे ठेवण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत याची सुरुवात बहुधा व्हॉट्सअॅपच्या स्टेटसपासून होते. शिवजयंतीचा चित्ररथ, गावची जत्रा, भाचीचे बारसे लगेच स्टेटसला लागते आणि २४ तासांत निघूनही जाते. हा फोटो पुढच्या वर्षी शोधला तरी सापडला पाहिजे, असे वाटू लागले की खरी सुरुवात झाली.

फोटो ठेवण्याचे संकेतस्थळ फ्लिकर फेब्रुवारी २००४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात सुरू झाले. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला विकिमीडिया कॉमन्स हे मुक्त परवान्याच्या फोटोंचे भांडार आले, ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आणि मे २०१५ मध्ये गूगल फोटोज. घरच्यांपुरता अल्बम करायचा तर गूगल फोटोज सोयीचे. मात्र तिथली १५ जीबी मोफत जागा ईमेल आणि ड्राइव्ह यांच्यासह मिळून असते. फ्लिकरच्या मोफत खात्यात १,००० फोटोंची मर्यादा आहे. कॉमन्सवर टाकलेला फोटो, श्रेय देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून, कोणालाही वापरता येतो. कुठेही टाकला तरी मूळ फाइल स्वतःजवळ ठेवावीच. सीमाभागातल्या पोरांनीही ज्यावर अल्बम भरले होते ते ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले.

व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो चढवू नये. वाटेत त्याचा आकार कमी होतो, बारकावे पुसट होतात आणि काढल्याची तारीख व स्थळ ही आतली माहितीही सहसा गळून पडते. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्यावा.

ही आतली माहिती कधी कधी मुद्दाम काढून टाकावी लागते. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानात बारापेडे गुहा आहेत आणि तिथे रॉटन्स फ्री-टेल्ड हे अत्यंत दुर्मीळ वटवाघूळ राहते. अशा ठिकाणच्या फोटोसोबत नेमके अक्षांश-रेखांश देणे म्हणजे गर्दीला वाट दाखवणे. घरातल्या फोटोंनाही हेच लागू आहे. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचे, शाळकरी मुलांचे फोटो विचारल्याशिवाय सर्वांसाठी खुले करू नयेत. ‘ओळखीचेच आहेत की’ ही सबब पुरत नाही.

नवशिक्याचे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते फोटोखालच्या मजकुराकडे, आणि सीमाभागात तर त्याचे मोल फार. बेळगावचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. मराठी माणूस बेळगावच म्हणतो आणि इंग्रजीत दोन्ही स्पेलिंगे चालतात. हलशीला कोणी हलसी लिहितो, राजहंसगडाला कोणी येळ्ळूर गड. टॅगमध्ये, म्हणजे फोटोला जोडलेल्या शोधशब्दांत, एकच रूप दिले तर दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्याच्या हाती तो फोटो लागेलच असे नाही. म्हणून मराठी नाव आधी लिहावे, मग कन्नड आणि रोमन. कन्नड लिहिता येत नसेल तर शेजाऱ्याकडून लिहून घ्यावे, दोन मिनिटांचे काम आहे. मजकूर युनिकोडमध्येच हवा. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर शोधात येत नाही.

‘सुंदर सकाळ’ एवढ्यावर भागवू नये. ‘कमल बस्ती, बेळगाव किल्ला, रट्ट राजघराण्याच्या काळात १२०४ मध्ये बांधलेले जैन मंदिर, मंडपाच्या छतावरचे दगडी कमळ, खालून’ असे लिहिले की फोटो अभ्यासकाच्याही उपयोगी पडतो.

हक्कांबाबत भारतीय कायदा असा: छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे चालतो. २०१२ च्या दुरुस्तीआधी ही ६० वर्षे फोटो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजत. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या काळी छापून आलेल्या त्याच्या फोटोंची मुदत जुन्या नियमानेच संपली, म्हणून ते आज मुक्त आहेत. हल्लीचा, दुसऱ्याने काढलेला फोटो मात्र विचारूनच टाकावा.

जुन्या फोटोंची खाण शहापूर, वडगावच्या विणकर घरांतल्या ट्रंकांत आहे. असा फोटो काचेतून बाहेर काढावा, खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवावा आणि मोबाइल बरोबर वर धरून फ्लॅश बंद करून टिपावा. काचेसकट काढला तर नवरदेवाच्या फेट्यावर ट्यूबलाइट उमटते. मग फोटो उलटा करावा. मागे स्टुडिओचा फिकट जांभळा शिक्का असतो, कधी शाईने लिहिलेला पत्ता. त्यात ‘सांगली संस्थान’ असेल तर फोटो बहुधा १९४८ पूर्वीचा, कारण शहापूर तोवर त्या संस्थानात होते. ‘मुंबई राज्य’ असेल तर बहुधा १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. ही मागची बाजूही टिपून पुढच्या बाजूसोबतच चढवावी, आणि फोटोतली माणसे ओळखणारी आजी घरात असेल तर तिच्याकडून डावीकडून उजवीकडे नावे विचारून त्याच दिवशी लिहून घ्यावीत.