आजोबांचा बुशशर्ट आणि खान्देशचं ऊन

परवा भाच्याने ऑनलाइन शर्ट मागवला, व्हिंटेज म्हणे. हाफ बाह्या, उघडी सपाट कॉलर, ढगळ अंग, खाली सरळ कट. घरात सगळे हसायला लागले, कारण अमळनेरच्या एका लग्नातल्या फोटोत आमचे आजोबा हाच शर्ट घालून उभे आहेत, फक्त तेव्हा त्याला बुशशर्ट म्हणायचे. काका म्हणाले, "ट्रंकेतला काढून दिला असता ना भो!"

पण त्या शिवणीत डोकं आहे राव. आपली कातडी साधारण ३५ अंशांवर असते, हवा त्याहून थंड असली की अंगातली उष्णता आपसूक बाहेर जाते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला टेकला की सगळं उलटं होतं, हवाच अंगाला तापवायला लागते आणि फॅन नुसती गरम फुंकर मारतो. मग उरतो फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, एवढ्यात माठातलं साडेसात लिटर पाणी उकळेल! अर्थात वाळला तर, टपकून खाली पडलेला घाम फुकट. आपलं ऊन कोरडं म्हणून तो पटापट वाळतो, मुंबईत तोच शर्ट पाठीला चिकटून बसतो. कूलर आपल्याकडे चालतो आणि दादरला नाही, त्याचंही कारण हेच.

आता सूत. कपाशीच्या बोंडातला ताजा कापूस ग्लासभर पाण्यात टाकून बघा, तरंगतो. मेडिकलमधला टाका, गटकन बुडतो. कापूस दोन्हीकडे तोच, पण शेतातल्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, तो कारखान्यात उकळून काढतात. मेण गेलं की आतलं सेल्युलोज पाण्याला धरायला मोकळं. साधारण हवेत १०० ग्रॅम कोरडं सूत ८ ग्रॅमच्या आसपास ओलावा धरून बसतं, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणून कॉटन घाम टिपतं आणि कापडभर पसरवतं. पण जाड कॉटन असलं तर ते नुसतं भिजून जड होतं, त्यामुळे उन्हाळ्याला पातळ आणि विरळ विणीचंच घ्यावं. जुन्या फॅशनमध्ये सीरसकर नावाचं सुरकुतलेलं कापड असायचं, नाव फारसीतल्या शीर-ओ-शकर म्हणजे दूध-साखरेवरून आलं, त्याच्या फुगीर पट्ट्या अंगाला पूर्ण टेकतच नाहीत आणि मधून हवा खेळते.

भाच्याच्या शर्टावर मोठ्या अक्षरात प्युअर कॉटन लिहिलं होतं. मी आतल्या शिवणीच्या कडेचा, कापडाचाच एक धागा ओढला आणि काडी लावली. सुती असता तर कागदासारखा जळून भुरभुरीत राख झाली असती, हा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. भाच्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

खरी गंमत ढगळपणात आहे. चाललं की कापड हलतं, आतली दमट हवा उघड्या कॉलरमधून बाहेर पडते आणि खालून नवी आत शिरते, लोहाराच्या भात्यासारखं. १९८० साली नेचर मासिकात वाळवंटातल्या बेदुइन या भटक्या अरबांवरचा अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, तरी कातडीपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच निघाली, कारण जास्तीची उष्णता मधल्या हवेतच निघून जात होती. म्हणून मी टेलरला रंगापेक्षा घेराबद्दल जास्त सांगतो, आजकालचे स्लिम फिट शर्ट म्हणजे उन्हाळ्यात स्वतःला बांधून घेणं आहे.

मात्र हाफ बाही सावलीत, सकाळी, संध्याकाळी ठीक. दुपारी बाइकवर तिचा उपयोग उलटा. कातडीपेक्षा गरम वारा उघड्या हाताला जोरात लागतो आणि वरून ऊनही थेट पडतं, तेव्हा हात झाकलेलेच बरे. भाचा बारा वाजता तसाच भुसावळला गेला, परत आला तर कोपराखालचे दोन्ही हात लालभडक.

संध्याकाळी तो लग्नाचा फोटो परत काढला. आजोबांच्या खांद्यावर घडी घातलेला पांढरा बागायतदार रुमाल आहे, डोकं आणि दोन्ही हात आरामात झाकेल एवढा. तो आमच्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता.