कॅलिबर कुलूप तोडत नाही

‘विकत घेतलेलं ई-पुस्तक कॅलिबरमध्ये टाका, कुलूप आपोआप निघतं’ हे वर्षानुवर्षं ऐकतोय. तसं नाही. कुलूप म्हणजे डीआरएम, ई-पुस्तकाची नक्कल रोखणारी डिजिटल व्यवस्था. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर पुस्तकं नीट लावून ठेवतं, एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेतं, इतकंच. कुलूपबंद फाइल रूपांतराला दिली, की काम तिथेच थांबतं आणि ‘डीआरएम आहे’ अशी चौकट समोर येते. कुलूप काढणारं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, वेगळं, इतरांनी लिहिलेलं; ते कॅलिबरसोबत येत नाही.

‘पुस्तक माझं, मग गुन्हा कसला?’ भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम ६५-ए २०१२ च्या दुरुस्तीने आलं. हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला ‘इराद्याने’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.