हान शिन आणि चिनी बुद्धिबळ

चिनी बुद्धिबळ म्हणजे शियांगची. ते प्राचीन चीनमधल्या हान पक्षाचा सेनापती हान शिन याने छावणीत बसून शोधलं, ही कथा कायम फिरत असते. पुरावा म्हणून पटच दाखवतात. मधल्या मोकळ्या पट्ट्यावर ‘चू नदी, हान सीमा’ असं लिहिलेलं असतं. पण ती चू आणि हान या दोन प्रतिस्पर्धी सत्तांमधल्या इ.स.पू. २०६ ते २०२ च्या संघर्षाची आठवण आहे, खेळाचा जन्मदाखला नव्हे. आजचा डाव स्थिरावला सोंग राजघराण्याच्या काळात, हजाराहून जास्त वर्षांनी.

ती नदी मात्र खेळात खरीच वाहते. हत्ती ती ओलांडत नाही, बिचारा घर राखतो. प्यादं पलीकडे गेलं की आडवंही चालायला लागतं.

अनेक पटांवर आणखी एक ओळ असते: डाव बघताना गप्प राहतो तोच खरा सज्जन. उद्यानात जमलेले बघे तिच्यादेखतच चाली सुचवत असतात.