दारू तो पितो, झोप तिची उडते

एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर एक जाहिरात हमखास दिसते : ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’. खाली मोबाइल नंबर. तो नंबर टिपून घेणारी बहुतेक वेळा पिणाऱ्याची बायको असते, नाहीतर आई. पुडी घरी येते आणि गुपचूप आमटीत मिसळली जाते.

त्या पुडीत काय आहे, ते ना विकत घेणारीला ठाऊक असतं ना खाणाऱ्याला. तिच्यात डायसल्फिरॅम असेल तर गोष्ट जिवावर बेतू शकते. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. हा विषारी पदार्थ आहे, पण एक एन्झाइम लगेच त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करून टाकतं. डायसल्फिरॅम नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. हे रसायन मुळात रबर उद्योगातलं. १९४० च्या दशकात येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे डॅनिश संशोधक जंतांवरचं औषध म्हणून त्याचा अभ्यास करत होते. त्यांनी ते स्वतः घेतलं, मग मद्य प्यायले आणि आजारी पडले. त्यातून दारू सोडवण्याच्या औषधाचा शोध लागला.

डॉक्टर हे औषध देतात तेव्हा आधी तपासण्या करतात आणि रुग्णाची संमती घेतात. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत दारूला शिवायचं नाही, अगदी अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा घ्यायचं नाही, हे बजावतात. ज्याला यातलं काहीच माहीत नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा क्वार्टर संपवतो. मग चेहरा लालबुंद होतो, उलट्या सुरू होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच कमजोर असेल तर माणूस दगावूही शकतो.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे कोंडून ठेवणं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीवर मात करण्यासाठी कायम जास्त उत्तेजित राहायला शिकलेला असतो. दारू एकदम तोडली की ती उत्तेजना मोकाट सुटते. हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होऊ लागतात, भान हरपतं. असा माणूस दवाखान्यात हवा, कडी लावलेल्या खोलीत नको.

पुडी आणणाऱ्या, कडी लावणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. तिला दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं.

‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूपायी त्रास होतो आहे आणि त्यांना मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मध्ये एक. या प्रत्येकामागे एक घर आहे, आणि घरातली माणसं या आकड्यांत धरलेलीच नाहीत. (१४४४६ ही सरकारची निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. फोन घरच्यांनीही करावा.)

घरच्यांचा अभ्यास उशिरा सुरू झाला. पूर्वी तज्ज्ञांचं मत असं, की नवरा पितो म्हणजे बायकोच्या स्वभावातच काहीतरी खोट असणार, नकळत तीच त्याला पिऊ देते. इंग्लंडमधल्या जिम ऑरफर्ड, रिचर्ड वेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दृष्टिकोन नाकारला. इंग्लंड, मेक्सिको सिटी आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजातली कुटुंबं त्यांनी अभ्यासली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : ही साधीसुधी माणसं आहेत, त्यांच्यावर दीर्घकाळ भयंकर ताण आहे आणि तो ताण शरीरातून, मनातून बाहेर पडतो. डोकं दुखतं, झोप लागत नाही, भीती वाटते, उदास वाटतं. जगात अशी किमान दहा कोटी प्रौढ माणसं असावीत, असा ऑरफर्ड आणि सहकाऱ्यांचा अंदाज आहे.

यातून त्यांनी पाच पायऱ्यांची पद्धत बसवली. आधी ऐकून घ्यायचं, मध्ये न तोडता. मग त्या घराला लागू पडेल एवढी नेमकी माहिती द्यायची. तिसरी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते : आजवर काय काय करून पाहिलं, ते तपासायचं. कुणी भांडतं, बाटल्या ओततं, पाळत ठेवतं. कुणी सोसतं, त्याच्या नावाने कामावर खोटं कळवतं, गुत्त्याची उधारी फेडतं. कुणी मन काढून घेऊन स्वतःचं, मुलांचं बघतं. समुपदेशक ‘हे चूक, ते बरोबर’ असं सांगत नाही. प्रत्येक मार्गाने आपल्याला काय मिळालं आणि त्याची काय किंमत मोजावी लागली, हे ती बाई स्वतःच मांडते. चौथ्या पायरीकडे शेवटी येतो. पाचवीत आणखी कुठली मदत हवी ते पाहायचं.

घरच्यांना शिकवल्याने पिणाऱ्यावरही परिणाम होतो का? अमेरिकेत १९९९ मध्ये विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि स्कॉट टोनिगन यांनी हे तपासलं. उपचाराला नकार देणाऱ्या पिणाऱ्यांच्या १३० आप्तांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला शिकवलं, की तो शुद्धीत असताना त्याच्याशी गोडीने वागा, प्यायलेला असताना बाजूला व्हा, पिण्याचे परिणाम त्याचे त्याला भोगू द्या आणि योग्य क्षण साधून उपचाराचा विषय काढा. या गटातल्या ६४ टक्के घरांतला पिणारा उपचारांना आला. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून जाब विचारायचा, ही पद्धत दुसऱ्या गटाची. तिथे हे प्रमाण ३० टक्के होतं. तिसऱ्या गटाला अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांनी एकत्र जमून एकमेकांना आधार द्यायच्या मीटिंगांच्या वाटेने नेलं, तिथे १३ टक्के. म्हणून अल-अनॉन कमी ठरत नाही. त्या मीटिंगांचा हेतूच घरच्यांना मनःशांती मिळावी हा आहे, आणि घरच्यांचा त्रास तिन्ही गटांत सारखाच कमी झाला. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो, त्याचं मोलही इथेच कळतं.

पण खेड्यात तज्ज्ञ आणायचे कुठून? याचं उत्तर गोव्यात सापडतं. ‘संगथ’ या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला समुपदेशन मिळालं, जास्तीत जास्त चार भेटी. समुपदेशक म्हणजे मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले साधे लोक. तीन महिन्यांनी विचारलं, तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के जण आधीच्या दोन आठवड्यांत दारूला शिवले नव्हते. दुसऱ्या गटात असे १८ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता.

याच अहवालातली एक ओळ मात्र मनात रुतून बसते. जोडीदारावरच्या हिंसेत दोन गटांत फरक दिसला नाही. त्याच्याशी बोलल्याने त्याची बाटली काही दिवस दूर राहिली, तिचं घर सुरक्षित झालं असं म्हणता येत नाही. तिच्यासाठी वेगळी मदत हवी. पुढे गोव्यातच वेलमन, नाडकर्णी आणि ‘संगथ’च्या मंडळींनी पाच पायऱ्यांची पद्धत तिथल्या घरांना जुळेल अशी करून घेतली. तीही डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित साध्या माणसांनीच राबवायची.

चौथ्या पायरीला लागतात फक्त कागद आणि पेन. कागदाच्या मधोमध आपलं नाव लिहायचं आणि भोवती आपली माणसं. कोण खरंच उपयोगी पडतं, कुणाकडून टोमणेच मिळतात, कुणाशी बोलणं तुटलं पण पुन्हा जोडता येईल, हे रेघांनी दाखवायचं. लाजेपायी वर्षानुवर्षं दार लावून घेतलेल्या बाईच्या कागदावर सुरुवातीला दोनच नावं असू शकतात. समुपदेशक थांबते, विचारते, “आणखी कोण?” मग आठवते ती शेजारची काकू, जिला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत असतं.