मुक्त आणि बंदिस्त प्रश्न

सर्वेक्षणात उत्तर स्वतःच्या शब्दांत द्यायचे असेल, तर तो मुक्त प्रश्न. दिलेल्या पर्यायांतून निवडायचे असेल, तर तो बंदिस्त. जनमत चाचण्या घेणाऱ्या प्यू संशोधन केंद्राने २००८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीनंतर मतदारांना सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विचारला, तेव्हा पर्याय ऐकवलेल्यांपैकी ५८ टक्क्यांनी अर्थव्यवस्था निवडली. पर्याय न ऐकता तेच उत्तर देणारे ३५ टक्के होते.

वय, घरातील माणसे, नळाला पाणी किती मिनिटे येते, असे आकडे थेट विचारावेत. गट पाडायचेच असतील, तर ‘१० ते २०’ आणि ‘२० ते ३०’ असे पाडू नयेत. वीस वर्षांचा माणूस दोन्हींत बसतो.

मते आणि अडचणी विचारताना मात्र पर्याय देण्याची घाई महागात पडते. मुंबईत ‘लोकलमध्ये कसला त्रास होतो?’ या प्रश्नाखाली ‘गर्दी’ हा पर्याय ठेवला, की बहुतेक जण त्यावरच खूण करतील. पण विरार लोकलने बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याची गर्दी वेगळी, सकाळी कुर्ल्याला डब्यात पाय ठेवायला धडपडणाऱ्याची वेगळी. आणि रात्री उशिरा रिकाम्या महिला डब्यात बसलेल्या बाईची अडचण तर गर्दी नसण्याचीच. म्हणून आधी वेगवेगळ्या मार्गांवरच्या, वेगवेगळ्या वेळी प्रवास करणाऱ्या ३०-४० जणांना मोकळेपणी विचारावे. कोणी नुसते ‘गर्दी’ म्हणाले, तर ‘गर्दीमुळे नेमके काय होते?’ असा पुढचा प्रश्न हवाच. उत्तर हिंदीत आले तर हिंदीतच, शब्दशः उतरवावे. प्रगणकाने मराठीत सारांश लिहिला की नेमके हवे ते निसटते. या उत्तरांचे गट लावून पाच-सात पर्याय बनवावेत, शिवाय ‘इतर (तपशील लिहा)’ आणि ‘सांगता येत नाही’.

वाचून दाखवलेल्या यादीत शेवटचे पर्याय लक्षात राहतात, कागदावर किंवा मोबाइलवर पहिले. त्यामुळे क्रम आलटूनपालटून द्यावा. एकाच विषयावर दोन्ही प्रकार असतील, तर मुक्त प्रश्न आधी घ्यावा, नाहीतर लोक पर्यायच परत ऐकवतात. फलाटावर मुक्त प्रश्न टाळावा: गाडी आली की उत्तर अर्धवट राहते. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी घरी जाणे बरे.

मुक्त उत्तरांना संकेतांक देताना, म्हणजे कोणते उत्तर कोणत्या गटात ते ठरवताना, तीच ५० उत्तरे दोघांनी स्वतंत्रपणे तपासावीत. जिथे मतभेद होतो तिथे गटाची व्याख्या ढिली असते. बंदिस्त प्रश्नात ‘इतर’खाली दहातले एकाहून जास्त जण जाऊ लागले, तर यादीतून काहीतरी मोठे सुटले आहे असे समजून ती पुन्हा बांधावी.