अकरा वर्षे वाचकांची वाट पाहिलेले पुस्तक

छळछावणीतून वाचलेल्या माणसाच्या आठवणी मनात कायमचे घर करतात, असे आज अनेक वाचक सांगतात. मात्र या आठवणींना वाचक मिळायलाच किती काळ जावा लागला, हे प्रिमो लेव्ही यांच्या ‘इफ धिस इज अ मॅन’ या पहिल्या पुस्तकाचा इतिहास पाहिला की कळते.

इटलीतील तुरिनचे हे ज्यू रसायनतज्ज्ञ डिसेंबर १९४३ मध्ये पकडले गेले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झच्या नाझी छळछावणीत नेण्यात आले. त्यांच्या रेल्वेच्या डब्यातील ४५ जणांपैकी केवळ चौघांना पुन्हा आपले घर पाहता आले. ऑक्टोबर १९४५ मध्ये लेव्ही परतले आणि रंगाच्या कारखान्यात नोकरी करता करता त्यांनी हे सारे झपाटल्यासारखे लिहून काढले. ‘एइनाउदी’ या नामवंत प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित साभार परत केले. अखेर १९४७ मध्ये एका लहान प्रकाशकाने अडीच हजार प्रती छापल्या, पण त्याही सगळ्या खपल्या नाहीत. उरलेल्यांपैकी सुमारे सहाशे प्रती फ्लोरेन्सच्या गोदामात पडून राहिल्या आणि १९६६ च्या महापुरात भिजून गेल्या. युद्धाने पोळलेल्या लोकांना त्या वेळी पुन्हा ते दुःख उकरायचे नव्हते.

चित्र पालटले ते नव्या पिढीमुळे. पुढे तुरिनला भरलेल्या एका प्रदर्शनात तरुणांनी लेव्हींना प्रश्नांनी घेरले, आणि १९५८ मध्ये त्याच एइनाउदीने पुस्तक नव्याने काढले.

या पुस्तकाची पकड कशात आहे, हे मला त्यातील एका प्रसंगात सर्वाधिक जाणवते. सूपचे जड भांडे आणायला एका तरुण फ्रेंच भाषक कैद्यासोबत जाताना लेव्ही त्याला इटालियन शिकवू लागतात आणि त्यासाठी इटालियन महाकवी दान्तेच्या ओळी आठवू पाहतात. मधल्या काही ओळी काही केल्या आठवत नाहीत. त्या जुळाव्यात म्हणून आजचे सूपसुद्धा सोडायला आपण तयार आहोत, असे हा उपाशी माणूस लिहितो. त्या वाक्यानंतर मला पुढचे पान लगेच उलटता आले नव्हते.

१९६१ मध्ये जर्मन अनुवाद आला, त्या क्षणाला लेव्हींच्या लेखी वेगळेच मोल होते. ज्यांनी हे केले आणि ज्यांनी डोळ्यांवर कातडे ओढून घेतले, तेच या पुस्तकाचे खरे वाचक, असे ते मानत. पुढच्या तीन वर्षांत त्यांना जर्मन वाचकांची सुमारे चाळीस पत्रे आली. कुणी क्षमा मागितली, कुणी सबबी सांगितल्या. एका वाचक स्त्रीशी तर १९६६ पासून पुढे सोळा वर्षे पत्रव्यवहार चालला.

इटलीत पुस्तकाची शालेय आवृत्ती निघाली आणि लेव्ही शाळाशाळांतून जाऊ लागले. तुम्ही पळून का गेला नाहीत, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न असे. पाचवीतल्या एका मुलाने त्यांना फळ्यावर छावणीचा नकाशा काढायला लावला, तो नीट न्याहाळला आणि पहारेकऱ्याला कसे गाठायचे, त्याचे कपडे कसे चढवायचे, वीज कुठे तोडायची, हे क्रमाने समजावून दिले. पुन्हा कधी तुमच्यावर अशी वेळ आली तर मी सांगितले तसेच करा, तुम्हाला नक्की जमेल, असे त्याने त्यांना अगदी मनापासून बजावले.